मदत हवी आहे: डॅनिश वाचता येतं, ऐकून कळत नाही
ल्युब्लियानात राहून स्लोव्हेनियन बऱ्यापैकी जमली. सहा विभक्त्या, शिवाय द्विवचन: 'देलावा' म्हणजे आम्ही दोघं काम करतो, 'देलामो' म्हणजे आम्ही सगळे. आता कोपनहेगनला जायचंय. डॅनिशचं व्याकरण त्यामानाने हलकं, क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलतच नाही. एकवीसला तर दोन्हीकडे आपल्यासारखंच आधी एक, मग वीस!

अडतंय ते ऐकण्यात. 'हुन' म्हणजे ती. कुत्र्याला लिहितात 'हुन्ड', पण त्यातला ड उच्चारत नाहीत. फरक फक्त घशातल्या झटक्याचा. सबटायटल लावून मालिका पाहिल्या, रोज अर्धा तास रेडिओ ऐकला, तरी तो झटका निसटतोच. क्लास लावणं शक्य नाही, हातात तीन महिने आहेत. हा झटका ओळखू यायला तुम्ही नेमका कोणता सराव केलात?