पेठ वसवणाऱ्या घराण्यांचे कागद

गावातील पेठ वसवणाऱ्या शेटे-महाजनांच्या, म्हणजे पेठेच्या वंशपरंपरागत वतनदारांच्या, दप्तरात वतनाच्या भांडणांखेरीज काही सापडत नाही, असे म्हटले जाते. त्यात थोडी भर घालतो. पेठ वसवायची असली की नव्याने येणाऱ्या वाण्या-उदम्यांना सरकारातून कौल (सवलतींचे लेखी आश्वासन) मिळत असे, आणि त्यात पहिल्या काही वर्षांची करमाफी व पुढे चढत जाणारा आकार (कर) नोंदलेला असल्याने वस्ती केव्हा आणि कोणत्या आमिषाने झाली, हे कौलातूनच कळते. भांडणाचे महजरही (सभेने दिलेल्या निवाड्याचे कागद) निरुपयोगी समजू नयेत. त्यांवर गोतातल्या (निवाड्याला जमलेल्या गावसभेतल्या) साक्षीदारांच्या सह्यांऐवजी निशाण्या असतात, पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू; म्हणजे त्या दिवशी सभेत कोण बसले होते, याची ती हजेरीच.

कालनिर्णय मात्र जपून करावा. या कागदांवर शुहूर सन, म्हणजे अरबी अंकनावांत लिहिलेले वर्ष, असते: ‘इसन्ने समानीन मया व अलफ’ (दोन, ऐंशी, शंभर व हजार) म्हणजे शुहूर सन ११८२. हा सन जूनच्या आरंभी, मृगाला बदलतो, म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवून इसवी सन काढावा लागतो. येथे अनुक्रमे १७८१ किंवा १७८२ येते. सरसकट ६०० मिळवल्याने (मीही पूर्वी तेच करत असे) पावसाळ्यातला कौल वर्षभर पुढे सरकतो.

आणि रुमाल (कागद बांधून ठेवलेले फडके) सोडताना कागदांचा मूळ क्रम मोडू नये. एकाच वादाचे कागद बहुधा शेजारीशेजारी बांधलेले असतात.