मदत हवी आहे: झेनॉन दिवा बदलताना काय काळजी घ्यावी?

आमच्या प्रयोगशाळेतल्या फ्लुरोसन्स स्पेक्ट्रोमीटरमध्ये १५० वॅटचा झेनॉन आर्क दिवा आहे. त्याचे ठरलेले तास उलटून गेलेत, प्रकाश थरथरतो आणि काच आतून काळवंडली आहे. हे काम बघणारे सर निवृत्त झाल्यामुळे दिवा आता मलाच बदलायचा आहे. सोबत विद्यार्थी असतात, त्यामुळे अंदाजाने काही करायचं नाही.

थंड झालेला दिवाही फुटू शकतो असं पुस्तिकेत आहे. ते खरंच इतकं गंभीर आहे का? शिवाय दिवा पेटवला की शेजारचा संगणक अडकतो आणि थोड्या वेळाने खोलीत उग्र वास येतो. या दोन्हींचं काय करावं? जुना दिवा कुठे टाकायचा?

प्रतिसाद १

हो, गंभीर आहे. हे दिवे थंड असतानाही आत साधारण १० बार दाब असतो आणि चालू असताना तो तीन-चार पट होतो. म्हणून दिवा संरक्षक आवरणातून बाहेर काढल्यापासून यंत्रातल्या दिव्याच्या घरात (त्याच्या पेटीत) बसवून झाकण लावेपर्यंत पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, मान झाकेल असं काही आणि जाड हातमोजे हवेतच. नुसता चष्मा पुरत नाही. त्या वेळी विद्यार्थ्यांना खोलीबाहेर थांबवा.

आधी दिवा बंद करून पंखा चालू ठेवा. पूर्ण गार झाल्यावर वीजजोडणी काढा आणि मगच झाकण उघडा. नवा दिवा फक्त धातूच्या टोकांना धरा. क्वार्ट्झला (दिव्याच्या काचेला) बोट लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने लगेच पुसा. घामातले क्षार तापल्यावर क्वार्ट्झमध्ये भिनतात, तिथे ते पांढरट आणि कमकुवत होतं, आणि काही दिवसांनी दिवा नेमका तिथूनच फुटतो. स्क्रू आवळताना काचेवर पीळ येऊ देऊ नका. एकच टोक घट्ट धरायचं, दुसरीकडची तार सैल हवी, कारण तापल्यावर दिवा लांबतो.

संगणकाचं कारण सोपं आहे. दिव्यात ठिणगी पाडायला २० हजार व्होल्टहून मोठा झटका लागतो आणि त्याच्या विद्युत अडथळ्याने शेजारचा संगणक अडकतो. आधी दिवा पेटवा, मग संगणक आणि बाकीची उपकरणं सुरू करा. गरम दिवा लगेच पुन्हा पेटवू नका.

प्रतिसाद २

ध्रुवता (धन-ऋण टोकं) तपासा! एकदिश प्रवाहाच्या (डीसी) दिव्यात जाड टोकाचा इलेक्ट्रोड धन असतो. उलटा जोडला तर काही क्षणांत कॅथोड (ऋण इलेक्ट्रोड) खराब होतो.

तो वास ओझोनचा. साधारण २४० नॅनोमीटरखालचे अतिनील किरण हवेतल्या ऑक्सिजनपासून तो तयार करतात. दिव्याच्या घरातली हवा नळीने बाहेर सोडा. ओझोन न करणारे दिवेही मिळतात, पण त्यांचं क्वार्ट्झ तेच किरण अडवतं. तुमचं मोजमाप त्या पट्ट्यात असेल तर ते चालणार नाहीत.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आमची मोजमापं २८० नॅनोमीटरच्या वरची आहेत, त्यामुळे पुढचा दिवा ओझोन न करणाराच मागवते. जुन्याचं मात्र अजून कळलं नाही.

प्रतिसाद १

नव्याचं आवरण रिकामं झालं की जुना त्यातच बंद करा. वर 'दाबाखाली, फुटू शकतो' अशी चिठ्ठी लावून पुरवठादाराकडे किंवा संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे द्या. साध्या कचऱ्यात नको, उचलणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक नसतं. आणि तासमापक शून्यावर आणायला विसरू नका.