'अननोन प्लेझर्स' नक्की कुणाचा: जॉय डिव्हिजनचा की मार्टिन हॅनेटचा?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडचा पहिला अल्बम 'अननोन प्लेझर्स' एप्रिल १९७९मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. १५ जूनला फॅक्टरी रेकॉर्ड्सने तो बाजारात आणला. निर्माता मार्टिन हॅनेट. पोस्ट-पंकचा (पंकनंतर आलेल्या रॉकचा) विषय निघाला की या अल्बमचं नाव हमखास येतं, आणि लगेच सगळं श्रेय हॅनेटच्या पदरात पडतं: त्याने घडवलेल्या आवाजाने लोक खेचले, म्हणे. मला हे अजिबात मान्य नाही. एका दणदणीत बँडचा जोर त्याने काढून घेतला.

३१ जानेवारी १९७९ला याच चौघांनी (गायक इअन कर्टिस, गिटारवर बर्नार्ड समनर, बेसवर पीटर हुक, ड्रमवर स्टीफन मॉरिस) बीबीसीवर जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी एका दिवसात चार गाणी वाजवली. त्यातली 'इनसाइट' आणि 'शीज लॉस्ट कंट्रोल' अल्बमवरही आहेत. दोन्ही रूपं लागोपाठ ऐका. पील सेशनमध्ये बर्नार्ड समनरची गिटार अंगावर येते, अल्बमवर ती पातळ होऊन भिंतीपलीकडे गेली आहे. मँचेस्टरच्या फॅक्टरी क्लबमधला १३ जुलै १९७९चा कार्यक्रम अल्बमच्या २००७च्या आवृत्तीसोबत मिळतो. अल्बम येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता, तरी मंचावरचा बँड निराळाच वाटतो. समनर आणि पीटर हुक या दोघांनीही पुढे उघड सांगितलं की अल्बम ऐकून ते नाराज झाले होते.

टेपफीत

साफ असहमत. हॅनेटला कच्चं, थेट ध्वनिमुद्रण जमत नव्हतं का? बझकॉक्स या पंक बँडची 'स्पायरल स्क्रॅच' ही छोटी तबकडी त्यानेच डिसेंबर १९७६मध्ये एका दिवसात उरकली होती. स्ट्रॉबेरीत त्याने जे केलं ते ठरवून केलं.

गिटार मागे का नेली, हे हुकच्या बेसकडे पाहिलं की कळतं. समनरचा ॲम्प मोठा वाजायचा, हुकला स्वतःचा बेस ऐकू यायचा नाही, म्हणून तो वरच्या पडद्यांवर धून वाजवू लागला. तिथे बेस आणि गिटार एकाच पट्टीत येतात. दोन्ही पुढे ठेवलं तर दोन्हीचा चिखल होतो, एकाला जागा द्यावीच लागते. हॅनेटने धून बेसला दिली. 'इनसाइट' किंवा 'न्यू डॉन फेड्स' गुणगुणून पाहा, आठवतो तो बेसच.

आता ड्रम. हॅनेटकडे एएमएस कंपनीचा डीएमएक्स १५-८० हा डिजिटल डिले (आवाजाची नक्कल उशिरा सोडणारं यंत्र) होता. कंपनी तिथलीच, बर्नलीची. मूळ ठोक्याची नक्कल १०-२० मिलिसेकंद उशिरा सोडली की कानाला दोन ठोके ऐकू येत नाहीत, एकच जाड ठोका ऐकू येतो. ४०च्या पुढे गेलात की दुसरा ठोका सुटा पडतो आणि वादक अडखळल्यासारखा वाटतो. पण स्नेअरच्या (मधल्या मुख्य ड्रमच्या) माइकमध्ये हायहॅट (पायाने उघडझाप होणारी झांजजोडी) शिरलेला असेल तर त्याचीही नक्कल होते आणि पत्रा फडफडल्यासारखा आवाज येतो. म्हणून हॅनेटने स्टीफन मॉरिसकडून ड्रम सुटे सुटे वाजवून घेतले. त्यात विक्षिप्तपणा काही नाही, ही तांत्रिक गरज होती.

घरी हा प्रयोग करणाऱ्यांसाठी: नक्कल मूळ आवाजाइतकीच मोठी ठेवून मोनोत (एकाच वाहिनीत) मिसळली आणि उशीर १० मिलिसेकंद असला, तर ५०, १५०, २५० हर्ट्झला खड्डे पडतात, म्हणजे तिथला आवाज दबतो. बेस ड्रमचं पोटच जातं. नक्कल निदान ६ डेसिबल खाली ठेवा आणि तिच्यातला २०० हर्ट्झखालचा भाग कापून टाका.

डावखुरा ड्रमर

टेपफीत, तुमचं गणित बरोबर आहे, पण वाजवणाऱ्याची बाजू त्यात आलीच नाही. ड्रम सुटे वाजवताना पहिली मोडते ती लय. हायहॅटवर फिरणारा हात बाकीच्या तीन अवयवांना मोजमाप देत असतो. तो थांबवला की स्नेअर किंचित पुढे पळते, आणि नंतर वरून भरलेला हायहॅट मागे रेंगाळतो. उपाय आहे: हायहॅटच्या जागी फोमचा जाड तुकडा ठेवायचा आणि हात चालूच ठेवायचा. टॉम (स्नेअरहून खोल आवाजाचे ड्रम) मुद्रित करताना स्नेअरच्या खालच्या तारा ढिल्या सोडायच्या, नाहीतर प्रत्येक ठोक्याला त्या खुळखुळतात. न वाजणारे ड्रम खोलीबाहेर काढलेले बरे, कारण तेही घुमतात.

मॉरिसचा हात यंत्रासारखा पक्का होता म्हणून हे निभावलं. दुसऱ्या कुणा ड्रमरवर हीच पद्धत लादली असती तर अल्बम निर्जीव झाला असता. 'शीज लॉस्ट कंट्रोल'मधला तो 'फस्स' आवाज ऐका. तो स्प्रेच्या डब्याचा आहे, माइकसमोर तालात दाबलेला, जोडीला सिनेअर हा इलेक्ट्रॉनिक ड्रम. कल्पना कुणाचीही असो, डबा तालात दाबणारं बोट मॉरिसचं आहे. श्रेय वाटताना ते बोट विसरू नका.

जुनी तबकडी

स्वागताबद्दल कुणी बोललंच नाही. पहिली छपाई १०,००० प्रतींची, फॅक्टरीच्या टोनी विल्सनने त्यात स्वतःची शिल्लक घातली. दोन आठवड्यांत ५,००० प्रती गेल्या. छोट्या कंपनीसाठी चांगलंच, पण ब्रिटनच्या मुख्य विक्री-यादीत अल्बम कुठेच नव्हता. त्यातून एकही गाणं सिंगल म्हणून काढलं नव्हतं आणि मुखपृष्ठावर ना बँडचं नाव ना शीर्षक. मुखपृष्ठकार पीटर सॅव्हिलने सीपी १९१९ या पल्सारच्या (नियमित स्पंदनं सोडणाऱ्या ताऱ्याच्या) स्पंदनांचा आलेख घेतला, मूळ पांढऱ्यावर काळा होता तो काळ्यावर पांढरा केला, आणि बस. 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकात जॉन सॅव्हेजने जुलैत मनापासून कौतुक केलं, हे खरं.

इअन कर्टिस १८ मे १९८०ला गेला. त्यानंतर ऑगस्टमध्ये अल्बम यादीत आला, तोही ७१व्या क्रमांकावर. दुसरा अल्बम 'क्लोजर' ६व्या क्रमांकावर गेला. त्यामुळे 'हॅनेटने घडवलेल्या आवाजाने लोक खेचले' हे विधान १९७९च्या विक्रीवरून तरी सिद्ध होत नाही. आज प्रत्येक जण हा अल्बम त्या मृत्यूच्या सावलीत ऐकतो, आणि हॅनेटची ती थंड पोकळी भविष्य सांगत होती असं वाटू लागतं. ती पोकळी डिले आणि रिव्हर्बने (कृत्रिम घुमाऱ्याने) केलेली आहे, एप्रिल १९७९मध्ये. तिला तेवढ्यावरच जोखावं.

मंद्रसप्तक

जुनी तबकडी यांचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. टेपफीत, बेसला जागा हवी होती हे मान्य. पण 'इनसाइट'मध्ये कर्टिसचा आवाज टेलिफोनच्या तारेतून घेतला, सुरुवातीला स्टुडिओतल्या लिफ्टचा आवाज घातला, 'आय रिमेंबर नथिंग'मध्ये काच फोडली. टेलिफोनची तार साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झच पुढे जाऊ देते. कर्टिसच्या खर्जातली सगळी छाती तिथे कापली जाते. ज्या गायकाची ताकदच खालच्या पट्टीत, त्याला हे कशासाठी?

टेपफीत

त्या एका गाण्यापुरतं. 'डे ऑफ द लॉर्ड्स'मध्ये तीच छाती पूर्ण ऐकू येते. 'इनसाइट'मधला माणूस आपल्याच आयुष्याकडे लांबून पाहतो आहे, तिथे आवाज लांबचाच हवा.

आणि 'नाराज' बँडबद्दल. मे १९७८मध्ये मँचेस्टरच्या ॲरो स्टुडिओत याच बँडने अख्ख्या अल्बमची गाणी मुद्रित केली होती. तिथल्या निर्मात्याने (हॅनेटने नव्हे) वरून सिंथेसायझर घातला, बँडला तो रुचला नाही, अल्बम सोडून दिला. नको ते नाकारायची हिंमत या चौघांत होती. हॅनेटला त्यांनी नाकारलं नाही. मार्च १९८०मध्ये 'क्लोजर'साठी लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत ते पुन्हा त्याच्याकडेच गेले.

मंद्रसप्तक

आणि कर्टिसनंतर उरलेल्या तिघांनी न्यू ऑर्डर म्हणून १९८१चा 'मूव्हमेंट' त्याच्यासोबत केला, मग त्याला सोडलं. १९८३चा 'पॉवर, करप्शन अँड लाइज' त्यांनी स्वतःच निर्माण केला. त्यात गिटार कुठे आहे ते ऐका.

डावखुरा ड्रमर

त्यात ड्रम मशीनही ऐका. ठोके सुटे सुटे रचण्याची सवय त्यांना स्ट्रॉबेरीतच लागली, असं माझं ठाम मत आहे.