राखीव आयपी दिसला की सरसकट नकार? माझा विरोध

तारजोडणी: काल इथे कोणीतरी ठासून लिहिलं, 'प्रायव्हेट किंवा राखीव आयपी दिसला की सॉफ्टवेअरने नाकारावा, विषय संपला.' कसा संपला? प्रायव्हेट आयपी म्हणजे घरच्या-ऑफिसच्या आतल्या नेटवर्कमधल्या यंत्रांचे पत्ते. १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२, १९२.१६८.०.०/१६ या पत्त्यांच्या रेंज (तिरक्या रेघेपुढचा आकडा रेंज केवढी ते सांगतो) आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने १९९६ मध्ये वापरायलाच दिल्यात. आमचं मॉनिटरिंग अख्खं १० च्या रेंजवर. एका अपडेटनंतर टूल आमच्याच सर्व्हरना 'अवैध पत्ता' म्हणायला लागलं! परवानगी कुठे द्यायची ते ॲडमिन ठरवेल.

फायरवॉल: ते मीच लिहिलंय. युजरने दिलेल्या यूआरएलवरून तुमचा सर्व्हर चित्र आणतो. कोणी त्यात १६९.२५४.१६९.२५४ हा क्लाउडचा आतला पत्ता टाकला की तिथल्या मेटाडेटातून, म्हणजे सर्व्हरच्या माहितीतून, गुप्त किल्ल्या बाहेर. ॲडमिनला सेटिंग सापडेपर्यंत थांबायचं? डीफॉल्ट बंदच हवं.

तारजोडणी: मग तपासा तरी नीट. '१७२.' दिसलं की प्रायव्हेट ठरवणारा कोड मी पाहिलाय. १७२.३२ पासून पुढे पब्लिक आहे! आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी २०१२ मध्ये आलेला १००.६४.०.०/१० कित्येकांच्या यादीतच नसतो.

बिटमोजणी: नुसतं होस्टनेम, म्हणजे यूआरएलमधलं साइटचं नाव, तपासूनही भागत नाही. नावावरून आयपी सांगणारा डीएनएस तपासताना एक उत्तर देतो, जोडताना दुसरं. कनेक्शन ज्या पत्त्यावर जातंय तोच तपासा.

जुनाखांब: राखीवचं निघालंच आहे तर भविष्यासाठी म्हणून राखलेल्या २४०.०.०.०/४ वर बोला. २६ कोटींवर पत्ते धूळ खात पडलेत! लिनक्स २००८ पासून घेतं, विंडोज घेत नाही.

फायरवॉल: धागा भरकटवू नका. ते पत्ते उघडले तरी जुने राउटर त्यांची पॅकेट (डेटाचे तुकडे) टाकून देणार. आयपीव्ही६ वर जा, त्या नव्या पद्धतीत पत्ते भरपूर.

जुनाखांब: 'आयपीव्ही६ वर जा' ऐकून कान किटले. राउटर पॅकेट का टाकतात? तुमच्यासारख्यांनी नकार कोडमध्ये कोरून ठेवला म्हणून! तोवर न वाटलेला १.०.०.०/८ २०१० मध्ये वाटपाला निघाला. २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीने त्यातल्या १.१.१.१ वर डीएनएस सुरू केलं, तर कित्येक उपकरणं तो पत्ता स्वतःचाच समजून बसलेली.

बिटमोजणी: ते तर उलट झालं. तिथे नकार नव्हता, दुसऱ्याची जागा बळकावली होती.

जुनाखांब: मुळाशी तेच. आजची यादी कायमची धरून चालले.

फायरवॉल: बरं, लायब्ररीने, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडने, पत्ता वाचावा, प्रकार सांगावा, नाकारू नये. एवढं मान्य. यूआरएल आणणाऱ्या कोडमध्ये मात्र डीफॉल्ट बंदच. तिथे मी हटणार नाही.

तारजोडणी: नका हटू. पण अपवादाची यादी द्या, आणि लॉगमध्ये 'अवैध' लिहू नका, 'धोरणानुसार अडवला' लिहा. त्या एका शब्दापायी आम्ही रात्रभर सबनेट मास्क (नेटवर्कची हद्द ठरवणारी सेटिंग) तपासत बसलो होतो.