१९३२ च्या फोर्डला जुना तीन गिअरचाच बॉक्स: माझं मत, आणि तुमचं?

फ्लॅटहेडप्रेमी (धागाकर्ता)
डेट्रॉइटजवळ राहतो. गॅरेजमध्ये १९३२ ची फोर्ड कूप आहे, इंजिन १९४६ चं २३९ घनइंची फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह वरच्या हेडऐवजी ब्लॉकमध्ये असलेलं) व्ही-८. आता गिअरबॉक्स बसवायचाय आणि इथे भेटेल तो "टी-५ (नंतरच्या गाड्यांचा बॉक्स) टाक, पाच गिअर मिळतील" असं सांगतोय. मी १९३९ चा फोर्डचा तीन गिअरचा बॉक्सच बसवणार. युद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियातली पोरं भंगार धुंडाळून हाच बॉक्स काढायची. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचे सिंक्रो (करकर न होता गिअर बसवणारी कडी) आधीच्या बॉक्सपेक्षा चांगले, आणि दांडी जमिनीवर. पुढच्याच वर्षी फोर्डने ती स्टिअरिंगखाली नेली. आत लिंकन झेफर गाडीचे गिअर घातले की पहिला आणि दुसरा जवळजवळ येतात, तेही घालीन म्हणतो. हायवेवर आरामात गुणगुणत जायचं असेल तर सरळ नवी मस्टँग घ्यावी, हॉट रॉड (फेरफार करून वेगवान केलेली जुनी गाडी) कशाला?
विरोधी मत जरूर मांडा, पण आकडे घेऊन या.

तेलकट हात
घ्या आकडे. मागचा ॲक्सल ४.११ चा (शाफ्टच्या ४.११ फेऱ्यांना चाकाचा एक) आणि टायर २८ इंची धरतो. तिसऱ्या गिअरला ताशी ६५ मैलांवर इंजिन मिनिटाला ३,२०० फेरे मारणार. स्ट्रोक पावणेचार इंच, म्हणजे पिस्टन मिनिटाला २,००० फूट पळतोय. दहा मिनिटं ठीक आहे, दोन तास नाही. त्यात फ्लॅटहेडचा एक्झॉस्ट ब्लॉकच्या पोटातून, थंड करायच्या पाण्याला खेटून बाहेर पडतो. हे इंजिन मुळात तापट. मस्टँगच्या टी-५ चा पाचवा गिअर ०.६८ चा आहे. त्याच वेगाला २,२०० फेरे. इंजिन जगेल, आणि तुमचे कानही.
शिवाय जुन्या बॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. ऑगस्टात वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या फेरीला, जाणारच ना? तिथे गाडी धड थांबत नाही, धड चालत नाही. प्रत्येक वेळी पहिला टाकताना करकर ऐका.

उगाच उचापती
फेऱ्यांचं गणित बरोबर आहे, पण टी-५ एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो.
१९४८ पर्यंतच्या फोर्डला टॉर्क ट्यूब आहे. प्रोपेलर शाफ्ट जाड नळीत बंद असतो आणि मागची चाकं गाडीला जे ढकलतात तो रेटा त्या नळीतूनच गिअरबॉक्सकडे येतो. टी-५ साठी साधारणपणे ती नळी काढून उघडा शाफ्ट लावतात. मग रेटा घ्यायला आणि ॲक्सल पिळू नये म्हणून वेगळे दांडे हवेत. त्यापेक्षा ॲक्सलच बदलू म्हणाल, तर जुन्या चाकांचे पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळावर, नंतरच्या बहुतेक फोर्ड गाड्यांचे साडेचारच्या. म्हणजे चाकंही गेली. वर शाफ्ट नेमका मध्यावर यावा म्हणून ॲडॉप्टरवर (इंजिन आणि बॉक्स जोडणारी तबकडी) बारीक फरक मोजणारा डायल लावून तपासणं आलं. केंद्र पाच हजारांश इंचाहून जास्त सरकलेलं असेल तर बेअरिंग आणि क्लच दोन्ही लवकर खाल्ले जातात.
उलट ४६ च्या ब्लॉकला बेलहाऊसिंगचा (क्लचभोवतीचं कवच) वरचा अर्धा भाग ब्लॉकसोबतच ओतलेला आहे. ३९ चा बॉक्स त्याला थेट बोल्ट होतो.

जीपवाला कोल्हापूरकर
धागाकर्त्यांना +१. आमच्याकडे महिंद्राची जुनी सीजे-३बी होती, बॉक्स टी-९०, तीनच गिअर, पहिला बिनसिंक्रोचा. घाटात चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारायचा (क्लच दोनदा दाबून मधे रेस द्यायची), बस्स! दोन आठवड्यांत पायाला कळतं. ज्याला ते शिकायचं नाही त्याने जुन्या गाडीच्या नादी लागूच नये.

तेलकट हात
@कोल्हापूरकर, ती जीप ताशी ७० मैलांच्या फ्रीवेवर दोन ट्रेलरांच्या मध्ये चालवत नव्हतात ना? मिशिगनात ते करावं लागतं. डबल क्लचचं कौतुक मलाही आहे, पण रोजच्या रोज नको.

नटबोल्ट
टी-५ वाल्यांना एक विचारतो. पहिल्या गिअरचा हिशेब कोणी केला का? दांडी पुढे येते म्हणून बरेच जण शेवरोले एस-१० पिकअपचा टी-५ उचलतात. त्यातल्या काहींचा पहिला गिअर ४.०३ चा असतो. ४.११ ने गुणा: १६.६! सिग्नलवरून निघाल्यावर चौक ओलांडायच्या आत दुसरा टाकावा लागेल. मस्टँगच्या ३.३५ ने १३.८ होतं, तेही जास्तच. ३९ च्या २.८२ ने ११.६. हलक्या कूपला एवढं भरपूर झालं.
आणि @फ्लॅटहेडप्रेमी, हायवेवर फेरे कमी करायची इच्छा आजच्या आळशी लोकांची आहे हा समज काढून टाका. कोलंबियाचा दोन वेगांचा ॲक्सल ३० च्या दशकातच फोर्डला लागायचा. व्हॅक्यूमवर बदलायचा आणि फेरे २८ टक्क्यांच्या आसपास उतरायचे. तो परवडत नसेल तर क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) ३.५४ चं टाका. ६५ मैलांना सुमारे २,७५० फेरे. टॉर्क ट्यूब, चाकं, बॉक्स, कशालाच हात लावायला नको.

उगाच उचापती
३.५४ ला सहमत, पण मग झेफरचे गिअर विसरा. त्यांचा पहिला आधीच उंच (म्हणजे कमी ताकदीचा), त्यात मागे ३.५४ आला तर चढावर गाडी उठवताना अर्धा क्लच जाळाल.

फ्लॅटहेडप्रेमी (धागाकर्ता)
मागचं कव्हर उघडून दात मोजले. ३७ ला ९, म्हणजे ४.११ च. ३९ दात आणि ११ दातांची ३.५४ ची जोडी शोधायला घेतोय. बॉक्स ३९ चाच राहील, गिअर फोर्डचेच, झेफर नाही. टी-५ चं वऱ्हाड नको.

तेलकट हात
२,७५० फेऱ्यांनाही तापणारच ते. रेडिएटर जाड घ्या.