संध्याकाळच्या वर्गातली हस्तकला: किट आणायचं की मुलांवर सोडायचं?

पाचतेसात

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी शाळा सुटल्यानंतरचा वर्ग चालवते. संध्याकाळी पाच ते सात. पहिली ते पाचवीची २१ मुलं. आईबाबा ऑफिसातून येईपर्यंत ती माझ्याकडे. खाऊ, गृहपाठ, खाली थोडं खेळणं, आणि बुधवार-शुक्रवार शेवटचा एक तास हस्तकला.

गेल्या दिवाळीला बोहरी आळीतून कंदिलाची किट आणली. कार्डशीटचे तुकडे आधीच कापलेले, घड्यांच्या रेषा पाडलेल्या, मागे दुहेरी चिकटपट्टी. कागद सोलायचा आणि चिकटवायचं. ४० मिनिटांत २१ कंदील झाले. ओळीने दोरीला टांगले, फोटो काढला, पालकांच्या ग्रुपवर टाकला. अंगठेच अंगठे.

घरी न्यायच्या वेळी दुसरीतला एक मुलगा दोरीखाली मान वर करून उभा. "ताई, यातला माझा कुठला?"

मलाही सांगता येईना. एक काढून दिला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "चालेल." ते "चालेल" वर्षभर डोक्यातून गेलं नाही.

म्हणून यंदा जूनपासून किट बंद. नमुनाही दाखवत नाही. टेबलावर पुठ्ठे, जुनी कॅलेंडरं, चिंध्या, नारळाच्या शेंड्या, सुतळी, बाटल्यांची झाकणं, आणि एक वाक्य: "टेबलावरून पडलं तरी मोडणार नाही असं काहीतरी करा." पहिले दोन आठवडे सगळ्यांनी पैशाचं पाकीट केलं, कारण एकाने केलं. एक मुलगी तासभर कागदाचे बारीक तुकडेच करत होती. मग हळूहळू गंमत येऊ लागली.

पण पालकांची कुरकुर चालू आहे. "घरी काहीच येत नाही", "गेल्या वर्षी किती छान होतं." आता दिवाळी तोंडावर आलीय आणि पुन्हा कंदिलाचा विषय निघालाय. माझं मत स्पष्ट आहे: किट म्हणजे हस्तकला नाही, ती जुळणी आहे. तुम्हाला काय वाटतं? विरोधी मत असेल तर तेही हवंय.

कोथरूडकर

विरोधी मत मागितलंत, घ्या.

मी अशाच एका वर्गाची फी भरतो. माझी मुलगी सकाळी साडेसहाला उठते. पाच वाजता ती तुमच्यासारख्यांच्या हॉलमध्ये पोचते तेव्हा तिच्यात किती जीव उरलेला असतो? अशा वेळी तिच्यापुढे झाकणं आणि शेंड्या टाकून "कर काहीतरी" म्हणायचं, याला मी स्वातंत्र्य म्हणत नाही. ती तिच्यावर टाकलेली अजून एक जबाबदारी झाली.

तिने गेल्या वर्षी किटचाच कंदील केला. गॅलरीत लावला. रोज संध्याकाळी बटण तिनेच दाबायचं, दुसऱ्या कुणी दाबलं तर रडारड. तो तिचाच होता हो! रेषा आधी पाडल्या होत्या म्हणून परका झाला नाही. मी पाकिटावरची कृती वाचून केलेला उपमाही माझाच असतो.

आणि त्या "चालेल"वर एवढा डोलारा नका उभारू. मागे पेन्सिलने नाव लिहून घेतलं असतं तरी भागलं असतं.

टिंबटिंब

नाव लिहून घेण्याचा मुद्दा बिनतोड आहे. :)

पाचतेसात

@कोथरूडकर, नाव लिहायचं राहिलं, कबूल. पण नाव वाचूनच ओळखायचा तर तो त्याचा कसा, एवढंच म्हणणं आहे.

डावखुरी

मी ना इकडची ना तिकडची, पण एक गोष्ट सगळे विसरतायत. कात्री.

शाळेत माझ्या वहीवर शेरा असायचा, "हाताला वळण नाही". मी डावखुरी. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं नेमकं कापायच्या रेषेवर येतं, रेषा दिसतच नाही. शिवाय बोटांचा जोर उलटा पडून पाती एकमेकांपासून फाकतात. कागद कापला जात नाही, दोन पात्यांमध्ये दुमडला जातो. हे मला २६व्या वर्षी कळलं, तेही ऑफिसात एकीने डावखुऱ्यांची कात्री आणली म्हणून. तोवर मी स्वतःला बिनहाताचीच समजत होते.

किटमध्ये कापायचं नसतं, त्यामुळे माझ्यासारखं मूल निदान उघडं पडत नाही. तुमच्या मोकळ्या टेबलाशी ते गुपचूप पाकीट करेल, कारण पाकिटाला घडी पुरते. आधी कात्र्या बघा. २१ मुलांत दोन डावखुरी तरी असतीलच. आणि ती तुकडे करणारी मुलगी, तिचा हात पाहिलात का?

पाचतेसात

@डावखुरी, हा विचार खरंच केला नव्हता. आज पाहिलं. वर्गात तिघं डावखुरे निघाले, आणि तिघांनीही आत्तापर्यंत सुतळी गुंडाळायचीच कामं केलीयत! दोन कात्र्या मागवल्या. तुकडेवाली मात्र उजव्या हातानेच कापते. तिला नुसतं कापायला आवडतं बहुतेक. आता तिचे तुकडे एका डब्यात साठवतेय.

निवृत्त गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं काढली, त्यात कार्यानुभवाचे तास बरेच घेतले. ताई, तुमचं किटवरचं म्हणणं मान्य. नमुना दाखवायचा नाही, हे मात्र अजिबात मान्य नाही. कुंभाराचा पोर बापाचं चाक बघत बघतच शिकतो. बापाने चाकावर कापड टाकून ठेवलं तर पोर काय स्वयंभू कुंभार होईल?

कंदिलाचंच घ्या. आपला जुना कामट्यांचा कंदील मुलांना कधी बांधून दाखवलाय? एकाच मापाच्या २४ कामट्या. चार-चार बांधून सहा चौकोन करायचे. मग चौकोनाचा कोपरा शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याला बांधायचा, असे एकूण १२ जोड. बाकी काही करायचं नाही. चौकोनांच्या मधल्या जागेत त्रिकोण आपोआप पडतात. आठ. मुलांना आधी सांगू नका. शेवटची गाठ बसली की मोजायला लावा. "गुरुजी, त्रिकोण तर आपण केलेच नव्हते!" हे वाक्य मी दरवर्षी ऐकलंय.

अजून एक मजा. हा सांगाडा हातात धरला की लटपटतो, पिळला तर पिळला जातो. मुलं म्हणतात बिघडला. मग त्यावर पतंगाचा कागद चिकटवायचा, वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवून, चार चौकोन आणि आठ त्रिकोण. खळ वाळली की तोच सांगाडा ताठ! कागदासारखी फाटकी वस्तू बांबूला सरळ उभं करते, हे बोटांना एकदा कळलं की पुस्तकात शोधावं लागत नाही.

हे किटमध्ये नाही. आणि "काहीतरी करा"मध्येही नाही. कोणीतरी बसून शिकवावं लागतं.

मावळा

गुरुजींचा मान राखून असहमत.

आमच्या लहानपणीचा सगळ्यात मोठा हस्तकला प्रकल्प कोणता? दिवाळीचा किल्ला. कुठल्या शिक्षकाने शिकवला? सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की त्याच दुपारी दगड गोळा करायला सुरुवात. दगडांवर जुनी पोती, पोत्यांवर चिखलाचा लेप. उतारावर हळीव पेरायचे, तीन-चार दिवसांत हिरवळ. तळ्याला ताटली, गुहेला फुटका माठ, वर महाराज आणि बुरुजांवर मावळे. बुरूज ढासळला की भांडण, भांडणानंतर दुसरा बुरूज. मोठी माणसं फक्त अंघोळीला हाका मारायची.

मुलांना विषय द्यावा लागत नाही. वेळ द्यावा लागतो. तासाभरात काय होतं? किल्ल्याला आम्ही चार दिवस लावायचो.

कोथरूडकर

@मावळा, वाचताना गहिवरलो, खोटं कशाला बोलू. पण तो किल्ला आमच्या पार्किंगमध्ये करून दाखवा. सेक्रेटरी पहिल्याच दिवशी नोटीस लावतील. आता रस्त्याच्या कडेला तयार किल्ले मिळतात, दरवाजासकट. तेही आम्हीच विकत घेतो, कारण माती आणायची कुठून?

आणि "कुणी शिकवलं नाही" हे खोटं आहे. चिखलात पाणी किती घालायचं हे तुम्हाला वरच्या मजल्यावरच्या सातवीतल्या दादाने सांगितलं होतं. आठवा जरा.

मावळा

... दादा नव्हता. ताई होती. आठवीतली. मुद्दा गेला तुमच्याकडे.

खळवाली

एवढ्या तात्त्विक चर्चेत एक हमालीचा मुद्दा. मी अशाच वर्गात मदतनीस आहे. सात वाजता तुम्ही पालकांशी हसून बोलत असता तेव्हा फरशीवरचा फेव्हिकॉल मी खरवडत असते. सातला सोसायटीचं भजनी मंडळ येतं, त्यांना हॉल लखलखीत हवा असतो.

किट आलं की मला पंधरा मिनिटांचं काम. मोकळं टेबल असलं की पाऊण तास. त्यामुळे नियोजन करताना काय बनवायचं याच्या आधी वाळायला किती वेळ लागतो आणि ओलं सामान रात्रभर कुठे ठेवायचं हे ठरवा. आम्ही जुलैत शाडूचे गणपती केले. पावसाळी हवेत आठवडाभर वाळेनात. ज्यांनी पोट भरीव आणि जाडजूड केलं त्यांच्या पोटालाच तडे. जोडणीला पाणी न लावता चिकटवलेल्या सोंडा घरी जाईपर्यंत गळाल्या. मुलांपेक्षा आया रडल्या.

खळ स्वस्त आणि हाताला बरी, फरशीवरून ओल्या फडक्याने निघते. मैदा थंड पाण्यात आधी कालवा, मग गरम करा, नाहीतर गुठळ्या. मात्र त्यात मोरचूद घालू नका. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून घालतात, पण ते विष आहे आणि पहिलीतली मुलं बोटं चाटतात. लागेल तेवढीच ताजी करा. थर्माकोलचं कुणी नावही काढू नका, सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, तरी दरवर्षी एखादी आई पिशवी भरून पाठवतेच.

डावखुरी

@खळवाली "मुलांपेक्षा आया रडल्या" 😂

काडीपेटी

गुरुजींच्या कंदिलात एक अडचण आहे. पहिलीच्या मुलाला गाठ येत नाही. आजकाल बुटांनाही वेल्क्रो असतं.

त्यावर उपाय जुनाच आहे. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी वापरून सांगाडे करायला सुरुवात केली. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हजारो मुलांनी त्यांची खेळणी केली, मीही त्यातलाच एक. बोटाच्या पेराएवढी नळी कापायची, दोन्ही टोकांत काडी खुपसायची, झाला जोड. चार काड्यांचा जोड हवा तर एका नळीला भोक पाडून दुसरी तिच्यातून आरपार ओढायची. आम्ही बाभळीच्या काट्याने ओढायचो.

गुरुजींच्या हिशोबात बरोबर बसतं बघा: २४ काड्या, चार तोंडांचे १२ जोड. तळहातावर मावणारा कंदील. काड्यांचं गूल आधी खरवडून टाका, ते काम मोठ्यांनी करायचं. हा छोटा नमुना झाला की मग कामट्या. नमुना दाखवायचा की नाही हे भांडणच मिटतं, कारण नमुना मुलांनीच केलेला असतो.

निवृत्त गुरुजी

@काडीपेटी, वा. हे मला सुचायला हवं होतं. आम्ही चिकणमातीच्या गोळ्यात काड्या खोचायचो, वाळली की माती गळायची. नळी उत्तम.

कोथरूडकर

बरं, मी माघार घेतोय असं समजू नका. पण हा कंदील असेल तर माझी तक्रार थोडी कमी होते, कारण शेवटी हातात कंदील येतोय. पिठाच्या गोळ्याला "अमूर्त" म्हणून पाठवलं जात नाहीये. फक्त एक सांगा, पाच ते सातच्या थकलेल्या मुलांकडून हे किती दिवसांत होणार?

पाचतेसात

काल रात्री बसून हिशोब केला. एकेकट्याचा कंदील शक्य नाही. मावळा यांच्या आठवीतल्या ताईमुळे सुचलं: तिघांचा एक गट, त्यात एक चौथी-पाचवीतलं, एक मधलं, एक पहिलीतलं. सात गट, सात कंदील. १६८ कामट्या लागतील, मोडतील म्हणून २०० घेते. बुरूड आळीत आठ इंचाच्या कापून मिळतील का, कुणाला माहीत आहे का? तिथे टोकं घासूनही देतात का? कुसं लागलं तर पहिली शिक्षा मला होईल.

पहिल्या बुधवारी काड्या-नळीचा छोटा कंदील. शुक्रवारी फक्त चौकोन. पुढच्या बुधवारी जोडणी. शुक्रवारी कागद, खळ खळवालींच्या कृतीने. सोमवारी गोष्टी सांगायच्या तासाला सुट्टी देऊन शेपट्या. कागद कोणता, कुठे काय चिकटवायचं, शेपट्या किती, हे मी सांगणार नाही. तेवढं तरी माझं राहू द्या. तुकडेवालीचा डबा भरलाय, तिच्या गटाचं नक्षीकाम ठरलंच.

कोथरूडकर

थांबा थांबा. तिघांत एक कंदील? मग घरी कोण नेणार?

पाचतेसात

मुलांना विचारलं. पाचवीतल्या एकाने लगेच वेळापत्रक मांडलं: वसुबारस आणि धनत्रयोदशी एकाकडे, पुढचे दोन दिवस दुसऱ्याकडे, पाडवा-भाऊबीज तिसऱ्याकडे. त्यावरून लक्ष्मीपूजन कुणाला मिळणार याचं भांडण जुंपलं. अजून चालू आहे.

खळवाली

ते भांडण हॉलबाहेर घ्या म्हणावं. सात वाजले.