मदत हवी आहे: गिरणेची वाळू गेली, नळाला गढूळ पाणी येतंय

नमस्कार मंडळी. आमचं गाव भडगाव-पाचोरा पट्ट्यात, गिरणाकाठी. नळयोजनेची विहीर पात्राला लागूनच. पूर्वी धरणाचं आवर्तन सुटलं की विहीर भरायची आणि पाणी असं नितळ की बादलीचा तळ दिसायचा. आता हाकेच्या अंतरावर दोन-दोन पुरुष खोल खड्डे आहेत. रात्रभर ट्रॅक्टर चालतात. वाळू संपून खालची पिवळी माती उघडी पडलीय, आवर्तन आलं की तिचाच गाळ विहिरीत उतरतो.

जलसुरक्षक टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकतो, तरी पाण्यात क्लोरीन उरलंय का बघायच्या ओटी टेस्टला पिवळा रंग येत नाही. आई तुरटी फिरवून माठ भरते, पण अख्ख्या गावाचं काय? ग्रामसभेत कोणी म्हणतं फिल्टर बसवा, कोणी म्हणतं खड्डे मुरमाने बुजवा. काय करावं?

उत्तर, तापीकाठ:
मुरूम मुळीच नको, त्याची माती पाण्यातच येईल. वाळू हाच तुमचा फिल्टर होता. गाळातच क्लोरीन खर्ची पडतं, म्हणून ओटीला रंग नाही. आधी गाळ बसवायची टाकी आणि तुरटी, मग फिल्टर, शेवटी टीसीएल. थेट फिल्टरवर सोडलंत तर तो लगेच तुंबेल. विहिरीभोवती मोठी गिट्टी, मग खडी, मग वाळू असा थरही करता येतो. (नदीकाठच्या गावाला वाळू विकत आणा म्हणायची वेळ आलीय!)

पाण्याचे नमुने भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत द्या, एक आवर्तनाआधी, एक नंतर. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (गढूळपणा मोजायचं एकक) हवा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. जंतूंची तपासणीही सांगा.

पण उपसा चालूच राहिला तर हे सगळं पुढच्या पुरात जाईल. केंद्राच्या वाळू उपशाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत खोली ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, यांत जे कमी तेवढीच. खड्ड्यात टेप धरून फोटो काढा आणि तहसीलदारांकडे पंचनामा मागा. महसूल संहितेचं कलम ४८(७) दंडासाठी, ४८(८) वाहन जप्तीसाठी.

मूळ लेखक:
धन्यवाद भाऊ, टेपचं सुचलंच नव्हतं. आवर्तन सुटायचंय अजून, पहिला नमुना उद्याच नेतो. एकच अडचण. अर्ज ग्रामपंचायतीचा असावा की गावकऱ्यांच्या सह्यांचा? त्या ट्रॅक्टरांतले दोन आमच्या सदस्यांच्याच घरचे आहेत.